घर हीच आपली मेडिक्लेम पॉलिसी आहे काय?

भिवंडी घ्या, मालेगाव घ्या, इचलकरंजी किंवा सोलापूर घ्या. यंत्रमागधारक असो, बागवान असो, अत्तार, मणियार, गादी भरणारा पिंजारी किंवा जरीचा कारागीर असो, आरोग्य विम्याचा विषय काढला की दोनच उत्तरे ऐकू येतात. एक, "एवढा हप्ता परवडत नाही." दुसरे, "अल्लाहच्या कृपेने घरात सगळे ठणठणीत आहेत, वेळ आली तर पाहून घेऊ." वेळ आल्यावर काय पाहिले जाते, हे प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यात पाहिले आहे. आधी घरातली रोकड संपते. मग भिशी उचलली जाते. मग बायकोचे दागिने, मग सुताच्या व्यापाऱ्याकडून उचल. आणि शेवटी दलालाला निरोप जातो की घर काढायचे आहे.

याचा अर्थ विमा आपणही घेतलेलाच असतो. त्या विम्याची पॉलिसी म्हणजे आपले राहते घर. त्याचा हप्ता दरवर्षी भरावा लागत नाही, म्हणून तो फुकटचा वाटतो. प्रत्यक्षात बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही पॉलिसीपेक्षा हा विमा महाग आहे, आणि व्यापारी माणसाने हा हिशेब एकदा तरी कागदावर मांडला पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

हप्त्याची तक्रार खरी आहे

हप्ता महाग आहे असे म्हणणाऱ्यांना मी खोटे पाडणार नाही. आपल्या देशात सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम सुरू केली ती १९८६ साली. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांनाही दार उघडले. स्पर्धा वाढली, पॉलिसींचे प्रकार वाढले, परंतु हप्ता काही उतरला नाही. रुग्णालयांची बिले वाढतात म्हणून हप्ता वाढतो, आणि माणूस वयाचा एक टप्पा ओलांडून पुढच्या टप्प्यात गेला की पुन्हा वाढतो. दहा वर्षांत एक रुपयाचा क्लेम न केलेल्या दुकानदारालाही ही वाढ चुकत नाही.

त्यावर कराचा भार होता तो वेगळाच. जुलै २०१७ पासून या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. १०,००० रुपयांच्या पॉलिसीसाठी ११,८०० रुपये मोजावे लागत. आजारपणासाठी तरतूद करणाऱ्याकडून सरकारने एवढा कर घ्यावा, हे मला कधीच पटले नाही. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीही अर्थमंत्र्यांना पत्र लिहून हा कर काढण्याची मागणी केली. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य पॉलिसींवरील जीएसटी शून्य झाला. हे चांगले झाले. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गट विम्याला म्हणजे ग्रुप पॉलिसीला ही माफी दिली गेली नाही. दुसरे, कर गेल्याबरोबर कंपन्यांना मिळणारे इनपुट टॅक्स क्रेडिटही गेले. तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी मागच्या वर्षाची पावती शेजारी ठेवून मूळ हप्ता किती वाढवला आहे ते तपासून घ्यावे.

विमा नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये असा नियम केला की ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. माझे म्हणणे असे की हे संरक्षण ६० वर्षांनंतरच का? ४५ ते ६० या वयात मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, मागांची दुरुस्ती हे सारे एकदम अंगावर येते. याच वयात हप्ता परवडेनासा होऊन माणूस पॉलिसी सोडतो, आणि याच वयात मधुमेह व रक्तदाब दारात येतात. नोकरदाराचा हप्ता बहुधा त्याची कंपनी भरते. आपल्या कारागिराच्या पाठीशी कोणी मालक नाही. प्राप्तिकरात मिळणारी हप्त्याची वजावटही जुन्या करपद्धतीतच आहे, नव्या पद्धतीत नाही. म्हणून स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या लहान धंदेवाल्याने या बाबतीत सरकारकडे तक्रार करावी, ती न्याय्यच आहे.

आता घराचा हिशेब मांडा

तक्रार न्याय्य असली तरी ती पूर्ण उत्तर नव्हे. समजा एखाद्याचे घर आज २४ लाखांचे आहे. सवडीने विकले तर सहा महिन्यांत तेवढे मिळतील. परंतु रुग्ण अतिदक्षता विभागात आहे आणि पैसे तीन आठवड्यांत हवे आहेत. ही बातमी दलालाला कळते, दलालाकडून गिऱ्हाइकाला कळते. गिऱ्हाईक १९ लाखांवर अडून बसतो आणि आपल्याला हो म्हणावे लागते. ५ लाख रुपये एका सहीत गेले. वार्षिक हप्ता २०,००० रुपये धरला तर हे २५ वर्षांचे हप्ते झाले.

हिशेब इथे संपत नाही. घर गेल्यावर कुटुंबाला छप्पर हवे. ६,००० रुपये भाड्याने वर्षाचे ७२,००० होतात. ज्याला २०,००० चा हप्ता जड वाटत होता तो आता त्याच्या साडेतीन पट रक्कम भाड्यात घालतो. आणि आपल्या धंद्यात घर हे नुसते घर नसते. खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड, पुढे दुकान आणि मागे संसार, अशीच आपली रचना. घर गेले की चार मागांची जागाही जाते, आणि कमावण्याचे साधनच हातातून सुटते.

कागदपत्रांचा अडसर

आपल्या वस्त्यांत आणखी एक अडचण आहे. कित्येक घरे नोटरी केलेल्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर घेतलेली आहेत. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. अशा घरावर बँक कर्ज देत नाही. म्हणून गिऱ्हाईक फक्त रोखीचे मिळते, आणि रोखीचे गिऱ्हाईक भाव पाडूनच मागते.

दुसरी बाब वारशाची. अब्बांच्या नावावरचे घर त्यांच्या इंतकालनंतर वीस वर्षे तसेच पडून राहते. आजारपणात एक भाऊ ते विकायला निघतो तेव्हा आठवते की आई आणि बहिणींचाही त्यात शरीअतने ठरवून दिलेला हिस्सा आहे. बहिणींच्या सह्या नाहीत म्हणून व्यवहार अडतो, किंवा घाईत त्यांना डावलले जाते. पहिल्यात रुग्णाचे हाल होतात आणि दुसऱ्यात हक्क मारला जातो. ज्यांच्या घरात असा वारसा वाटणीविना पडून आहे त्यांनी सगळे निरोगी असतानाच वाटणी करून, नोंदी लावून, कागद मोकळे करावेत. यासाठी हप्ता लागत नाही, पण वेळेवर त्याचा उपयोग विम्याइतकाच होतो.

औषधपाण्याला विकले तरी कर सुटत नाही

पुष्कळ लोकांचा समज असा की इलाजासाठी घर विकले तर त्यावर कर लागत नाही. हा समज चुकीचा आहे. घर विकून होणारा भांडवली नफा करपात्र असतो आणि तो पैसा रुग्णालयात गेला या कारणाने सूट मिळत नाही. दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असलेल्या घरावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत खरेदी किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून २० टक्के दराने हिशेब करण्याचीही मुभा आहे. दोन्हींत जो कर कमी येईल तो भरावा. सूट मिळते ती ठरलेल्या मुदतीत दुसरे राहते घर घेतले तर. पण ज्याचे पैसे बिलात गेले तो दुसरे घर कशाने घेणार?

आणखी एक गाठ आहे. अडलेल्या माणसाने घर सरकारी मूल्यांकनापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरच्या दरापेक्षा, बरेच खाली विकले आणि हा फरक १० टक्क्यांहून अधिक असला, तर कराचा हिशेब हातात आलेल्या रकमेवर होत नाही, सरकारी मूल्यांकनावर होतो. म्हणजे न मिळालेल्या पैशावरही कर. तसेच घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. रुग्णालय रोख मागते म्हणून रोखीने सौदा करणारे यातच सापडतात.

मग पॉलिसी घेतली की झाले काय?

तसेही नाही. एजंटने दिलेले रंगीत पत्रक वाचून पॉलिसी घेणारा पुढे रडतो. तीन कलमे तरी नीट समजून घ्यावीत.

पहिले, खोलीच्या भाड्याची मर्यादा. समजा पॉलिसीत रोज ३,००० रुपयांची खोली मंजूर आहे आणि आपण ६,००० ची घेतली. तर वरचे ३,००० तर खिशातून जातातच, शिवाय डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च अशा बाबीही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कापल्या जाऊ शकतात. म्हणून दाखल होताना पॉलिसीत बसेल तीच खोली घ्यावी.

दुसरे, प्रतीक्षेचा काळ. आधीपासून असलेल्या आजारासाठी ही मुदत १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली गेली. पूर्वी ती चार वर्षे होती. आजार लपवून अर्ज भरू नये. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिली तर त्यानंतर माहिती दडवली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद सोडून. परंतु तोवर लपवलेली साखर आपल्यालाच कडू होते.

तिसरे, को-पेमेंट, म्हणजे बिलातील आपला वाटा. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना एकसारख्या अटींची 'आरोग्य संजीवनी' ही पॉलिसी विकणे बंधनकारक झाले. तिच्यात हा वाटा ५ टक्के आहे आणि खोलीचे भाडे विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त रोज ५,००० रुपये आहे. अटी सगळीकडे सारख्या असल्याने चार कंपन्यांचे हप्ते ताडून पाहणे सोपे जाते. पहिल्यांदाच विमा घेणाऱ्या लहान दुकानदाराने निदान तुलनेसाठी तरी ती पाहावी.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावे आणि तिथे दाद लागली नाही तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे. आपल्या राज्यात मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. वकील लागत नाही, फी लागत नाही. आणि हेही समजून घ्यावे की साधी पॉलिसी मुख्यतः दाखल झाल्यावरचा खर्च देते. रोजची साखरेची गोळी आणि तपासण्या खिशातूनच कराव्या लागतात. त्यासाठी वेगळा गल्ला हवाच.

विमा आणि शरीअत

कित्येक बांधव हप्त्यापेक्षाही वेगळ्या कारणाने थांबतात. विम्यात व्याजाचा व अनिश्चिततेचा अंश आहे, ही त्यांची शंका आहे. मलेशियात १९८४ सालीच तकाफुलचा कायदा झाला. आपल्या देशात तसा स्वतंत्र कायदा नाही. आरोग्य विम्याबाबत उलेमांत मतभेद आहेत, आणि या पानावर फतवा देणे हे माझे काम नाही. ज्याला शंका आहे त्याने आपल्या विश्वासातील मुफ्तींना विचारावे आणि त्याप्रमाणे वागावे. मात्र विमा नको असे ठरवणाऱ्याने पुढचा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे: मग तरतूद काय? जो हप्ता भरायचा नाही तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळी काढली जाते का? ती काढली जात नसेल तर आपण तक्वा पाळला असे म्हणण्याऐवजी घर पणाला लावले असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

दलालाला बोलावण्यापूर्वी

विमा असो वा नसो, घर काढण्यापूर्वी चार दारे ठोठवावीत.

पहिले दार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे. २०१२ साली राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली ही योजना २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी, पिवळे, केशरी, पांढरे असा भेद न करता, खुली झाली आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण ठरले. उपचार यादीतला हवा आणि रुग्णालय योजनेत हवे. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला दाखल होतानाच भेटावे. डिपॉझिट भरून झाल्यावर नव्हे. आधार आणि शिधापत्रिकेवरील नावांत फरक असेल तर तो आजच दुरुस्त करावा. मोहम्मद आणि मो., शेख आणि शे. या फरकाने ऐनवेळी काम अडते.

दुसरे दार ७० वर्षांवरील बुजुर्गांचे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता कार्ड मिळू लागले. ज्या वयात खाजगी हप्ता सर्वांत जड होतो त्याच वयासाठी ही सोय आहे. घरातल्या दादा-दादींचे कार्ड काढले नसेल तर ते या आठवड्यात काढावे.

तिसरे दार धर्मादाय रुग्णालयांचे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे राज्यातील धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या आहेत. मोठमोठी नामांकित रुग्णालयेही यात येतात. उत्पन्नाचा तहसीलदाराचा दाखला हवा आणि तेथील समाजसेवा विभागात अर्ज हवा. मागितल्याशिवाय हे मिळत नाही.

चौथे दार आपल्या स्वतःच्या समाजाचे. "घर आहे, मग जकात कशी घेऊ?" असे म्हणून इभ्रतदार माणूस गप्प बसतो आणि घर विकतो. राहते घर निसाबाच्या हिशेबात धरले जात नाही. घर असूनही हातात काही नसलेला कर्जबाजारी रुग्ण मदतीला पात्र ठरू शकतो. आपल्या आलिमांकडून हे समजून घ्यावे. बैतुलमाल चालवणाऱ्यांनीही "याचे तर स्वतःचे घर आहे" असे म्हणून अर्ज बाजूला ठेवू नयेत. घर विकल्यानंतर मदत करण्यापेक्षा ते वाचवण्यासाठी मदत करणे स्वस्त पडते.

विकायचेच असेल तर

घर कधीच विकू नये, असे माझे म्हणणे नाही. मुले पांगली, घर मोठे आहे, दोघेच राहतात, अशा जोडप्याने तब्येत धडधाकट असताना मोठे घर योग्य भावात विकून लहान घ्यावे आणि उरलेली रक्कम औषधपाण्यासाठी राखावी, हा शहाणपणाचा सौदा आहे. त्यात गिऱ्हाइकाची घाई असते, आपली नसते. मुदतीत दुसरे घर घेतल्याने करही वाचतो. घातक आहे ती रुग्णालयाच्या बाकावर बसून केलेली विक्री.

तशी वेळ आलीच तर बातमी पसरू देऊ नये. एकाच दलालावर विसंबू नये. पूर्ण विक्रीऐवजी एखादा मजला किंवा गाळा काढून भागते का ते पाहावे. रक्कम बँकेतूनच घ्यावी. आणि सही करण्याआधी कराचा हिशेब जाणकाराकडून करून घ्यावा, म्हणजे बिल भरून उरलेल्या पैशाला पुढच्या वर्षी नोटीस येणार नाही.

आपल्या व्यापारी संघटनांनीही थोडे पुढे यावे. यंत्रमागधारकांच्या, फळ-भाजी विक्रेत्यांच्या, दुकानदारांच्या संघटना गावोगावी आहेत. जिथे कर्मचारी राज्य विमा लागू होतो तिथे मालकांनी कारागिरांची नोंदणी करावी. २०१९ पासून मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का एवढाच ठरला आहे. बाकीच्यांसाठी संघटनेच्या कार्यालयात महिन्यातून एक दिवस कार्ड काढण्याचा, कागद तपासण्याचा आणि पॉलिसी समजावून सांगण्याचा ठेवला तरी पुष्कळ घरे वाचतील.

व्यापारी रोज रात्री गल्ला मोजतो. वर्षातून एकदा त्याने हाही हिशेब करावा की घरात मोठे आजारपण आले तर पहिले ५ लाख कुठून येणार. पॉलिसी, योजनेचे कार्ड, वेगळा ठेवलेला गल्ला, यांपैकी जे उत्तर असेल ते कागदावर लिहून बायको-मुलांना दाखवावे. घर हेच उत्तर निघाले तर ते बदलण्याची वेळ आजची आहे. दवाखान्यात गेल्यावर भाव गिऱ्हाईक ठरवतो.